सर्व्हर डाऊन नव्हता हो, सेव्ह मारायचं राहिलं होतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं, की कुठंही जा, सर्व्हर डाऊन म्हणून परत पाठवतात, हा सर्व्हर नक्की असतो तरी कुठं आणि रोज पडतो तरी कसा. वाचून हसू आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण मी याच धंद्यातला. चौदा-पंधरा वर्षं झाली, छोट्या ऑफिसांची, शाळांची, पतसंस्थांची नेटवर्कं लावायची आणि बिघडली की मोटारसायकल काढून पळायचं. काका, सर्व्हर म्हणजे सगळी माहिती एका जागी ठेवणारा मुख्य कॉम्प्युटर, आणि तुम्हाला खरं सांगतो, मी ज्या ज्या ठिकाणी सर्व्हर डाऊन म्हणून गेलोय त्यातल्या निम्म्या ठिकाणी सर्व्हर बिचारा ठणठणीत होता. कधी केबल उंदरानं कुरतडलेली, कधी यूपीएस मेलेला, आणि कधीकधी एक असा प्रकार की ज्यात काहीच बिघडलेलं नसतं, फक्त एक माणूस एक ओळ टाइप करायची विसरलेला असतो. त्याबद्दलच लिहितोय, जरा लांबेल, छापताना कापलंत तरी चालेल.

आमच्या तालुक्यातली एक पतसंस्था आहे, नाव सांगत नाही. शुक्रवारी रात्री वादळ झालं, लाइट गेली ती तीन तास. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या, दहा मिनिटं पण टिकल्या नसतील. शनिवारी सकाळी शटर उघडलं, कॉम्प्युटर चालू झाले, पण सहा नंबरच्या पुढच्या काउंटरना सॉफ्टवेअर उघडेना आणि पासबुक प्रिंटर मुका. बाहेर रांग, पिग्मीवाले त्यांची मशीनं घेऊन उभे, आणि काचेवर लगेच ए-फोर कागद चिकटला, सर्व्हर डाऊन आहे, सहकार्य करावे. गंमत म्हणजे शेजारच्या गावातली याच संस्थेची शाखा त्याच सर्व्हरवर मजेत काम करत होती, फोन करून विचारलं तर ते म्हणाले आमचं तर चालूय की. म्हणजे सर्व्हर डाऊन नाही हे तिथंच कळलं होतं, पण कागद कुणी काढला नाही.

मला फोन आला दहाला, पोचलो अकराला. जिन्याखाली रॅक, शेजारी पाण्याचा कूलर (हे असं का करतात मला आजपर्यंत कळलेलं नाही), रॅकमध्ये सिस्को कंपनीचा जुना 2960 स्विच, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात तो डबा, चोवीस पोर्टचा (पोर्ट म्हणजे केबल खोचायचं भोक). दिवे सगळे हिरवे. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आधीचा ठेकेदार फोन उचलत नाही. मग आमच्याकडं एक उपाय असतो, स्विचची वायर काढायची, पुढचं मोड नावाचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबून वायर परत लावायची. मग तो नेहमीसारखा उठत नाही, अर्धवट जागा होतो आणि स्विच असं लिहून थांबतो. तिथं फ्लॅश इनिट ही आज्ञा देऊन फ्लॅशमधल्या, म्हणजे लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीतल्या, फायली बघता येतात. तर आत चारच महत्त्वाच्या गोष्टी होत्या, एक मोठी डॉट बिन फाइल म्हणजे स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम, एक कॉन्फिग डॉट टेक्स्ट म्हणजे सेटिंगची फाइल, एक प्रायव्हेट कॉन्फिग, आणि एक व्हीलॅन डॉट डॅट. कॉन्फिग डॉट टेक्स्टचं नाव बदलून ठेवलं आणि बूट केलं, की स्विचला वाटतं आपण आत्ताच खोक्यातून बाहेर आलोय, तो पासवर्ड विचारतच नाही, उलट विचारतो सुरुवातीचं सेटिंग करायचं का, त्याला नो म्हणायचं.

आता बघा खरी मजा. आत गेल्यावर शो व्हीलॅन ब्रीफ, म्हणजे व्हीलॅनची यादी दाखव, ही आज्ञा मारली. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळ्या खोल्या पाडल्यासारखं असतं, काउंटरची खोली वेगळी, कॅमेऱ्यांची वेगळी, एकमेकांत आवाज जात नाही. यादीत 10 होता, 20 होता आणि 40 पण होता, नाव काउंटर. मग नाव बदलून ठेवलेली जुनी कॉन्फिग फाइल उघडून वाचली, तर तिच्यात 13 ते 18 पोर्ट कोरे, 40 चा उल्लेखच नाही, आणि बाहेर जाणाऱ्या मुख्य पोर्टवर परवानगी फक्त 10 आणि 20 ला. दोन फायली, दोन वेगवेगळ्या साक्षी. खोलीची नोंद आहे पण खोलीत कोण बसायचं ते कुठंच लिहिलेलं नाही. मला तिथंच कळलं काय झालंय, कारण यात सिस्कोच्या या स्विचांची एक खोड आहे, व्हीलॅन तयार केला की तो व्हीलॅन डॉट डॅट मध्ये आपोआप लिहिला जातो, सेव्ह मारा नाहीतर मारू नका. पण कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये हे मात्र सेव्ह मारल्याशिवाय कुठंही लिहिलं जात नाही.

मॅनेजर साहेबांना हे समजावताना मी नेहमीची कॉम्प्युटरची उदाहरणं दिली, त्यांना काही पटेना. शेवटी म्हटलं, साहेब, स्विचकडं दोन वह्या असतात. एक चालू वही, तिला रनिंग कॉन्फिग म्हणतात, ती रॅममध्ये, म्हणजे लाइट गेली की पुसणाऱ्या मेमरीत असते, तुम्ही जे काही बदलाल ते त्या क्षणी तिच्यात चढतं आणि त्या क्षणी लागू पण होतं. दुसरी पक्की वही, स्टार्टअप कॉन्फिग, ती फ्लॅशमध्ये नाहीतर एनव्हीरॅममध्ये असते, लाइट गेली तरी पुसत नाही, आणि स्विच चालू होताना फक्त हीच वही वाचतो. चालूतलं पक्क्यात आपोआप जात नाही, माणसानं उतरवावं लागतं, कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग अशी लांबलचक आज्ञा आहे, आम्ही जुनी माणसं नुसतं डब्ल्यू आर मारतो. त्यावर साहेब एका सेकंदात म्हणाले, अच्छा, म्हणजे कॅश घेतली, पावती दिली, पण लेजरला एन्ट्रीच नाही! इतकं नेमकं मला पण कधी सांगता आलं नव्हतं.

म्हणजे झालं असं, की कुणीतरी कधीतरी नवीन काउंटर जोडताना सेटिंग केलं, चाललं, चहा घेतला आणि गेला. स्विच बंदच पडला नाही म्हणून कुणाला कळलं नाही. नवीन काउंटर होऊन आठ महिने झालेत असं शिपाई म्हणाला, म्हणजे आठ महिने ती शाखा रॅमच्या भरवशावर चालली. सुट्टी देताना, म्हणजे रीलोडची (बंद होऊन परत चालू हो अशी) आज्ञा देताना, स्विच विचारतो पण की बाबा सेटिंग बदललंय, सेव्ह करू का, पण लाइट जाताना विचारून जात नाही.

नक्की कधी शेवटचं सेव्ह झालं ते तारखेवरून कळेल म्हणून फायलीची तारीख बघितली, तर काय, 1 मार्च 1993! हसू नका, या जुन्या स्विचांत घड्याळाला बॅटरीच नसते, बाहेरून वेळ मिळाली नाही तर दर वेळी उठताना ते 1 मार्च 1993 पासून मोजायला लागतात. बाहेरच्या टाइम सर्व्हरचा पत्ता घालायला दोन ओळी लागतात, त्या कुणी घातल्या नव्हत्या. आणि सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत कंपन्यांपासून सरकारी ऑफिसांपर्यंत सगळ्यांना एनआयसी नाहीतर एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलंय, लॉग, म्हणजे यंत्रांतल्या घडामोडींच्या नोंदी, 180 दिवस ठेवायला सांगितलेत. आता घड्याळच 1993 मध्ये असेल तर लॉग ठेवून तरी काय वाचणार?

कुणी म्हणेल की कंपनीनं असं मूर्खासारखं बनवलंच कशाला, आपोआप सेव्ह का नाही करत. तर यात थोडं शहाणपण पण आहे, आणि ते मी स्वतः अंगावर घेऊन शिकलोय. नवीन असताना घरी बसून साठ किलोमीटरवरच्या एका कारखान्याच्या स्विचमध्ये शिरलो होतो, मुख्य पोर्टवर आणखी एक व्हीलॅन जोडायचा होता, 30 नंबरचा. आज्ञा अशी आहे की स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन, मग अ‍ॅड, मग 30. मी अ‍ॅड हा शब्द खाल्ला. अ‍ॅड नसेल तर स्विच समजतो की आता फक्त 30, बाकी सगळे बाहेर. एंटर मारलं आणि स्क्रीन गोठली, कारण मी स्वतः ज्या रस्त्यानं आत गेलो होतो तोच रस्ता मी कापला होता. कारखाना बंद, माझं तोंड पांढरं. पण सेव्ह मारलं नव्हतं! वॉचमनला फोन करून म्हटलं, दादा, त्या कपाटातल्या डब्याची पिन काढा, वीस मोजा, परत लावा. चार-पाच मिनिटांत स्विच जुनी पक्की वही वाचून उठला आणि सगळं जागेवर. त्या दिवशी स्विचनं आपोआप सेव्ह केलं असतं तर रात्री साठ किलोमीटर गाडी मारावी लागली असती.

नंतर एका सीनियरनी शिकवलं की लांबच्या स्विचवर हात घालण्याआधी रीलोड इन 10 मारून ठेवायचं, म्हणजे दहा मिनिटांत तो स्वतःच रीस्टार्ट होणार. काम नीट झालं तर रीलोड कॅन्सल आणि मग सेव्ह, आपणच बाहेर फेकले गेलो तर गप बसून चहा प्यायचा, तो आपोआप जुन्यावर येतो. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीवाल्यांनी हेच जास्त सभ्यपणे केलंय, तिथं तुम्ही जे लिहिता ते आधी नुसता मसुदा असतो, कमिट म्हटल्यावर लागू होतं आणि पक्कं पण होतं, आणि कमिट कन्फर्म्ड म्हटलं तर दहा मिनिटांत परत होकार दिला नाही की आधीचं परत येतं, शिवाय मागच्या 49 आवृत्त्यांपर्यंत मागं जाता येतं. मायक्रोटिक या आणखी एका कंपनीचं उलटं, एंटर मारलं की लागू आणि पक्कं एकदमच, म्हणून तिथं सेफ मोड दिलाय, कंट्रोल एक्स दाबून आत जायचं, मध्येच कनेक्शन तुटलं तर तेवढे बदल आपोआप मागे. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेबच्या पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचमध्ये, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत अप्लाय वेगळं आणि सेव्ह वेगळं असतं, सेव्ह कुठंतरी वरच्या कोपऱ्यात लपलेलं, अप्लाय दाबलं की चाललं म्हणून माणूस खूश होऊन पान बंद करतो. सोसायटीच्या वायफायचं आणि कॅमेऱ्याचं काम करणाऱ्या पोरांनी हे वाचत असाल तर आत्ता जाऊन बघा, मी थांबतो.

पतसंस्थेत परत येतो. बॅकअप असता तर काम पाच मिनिटांचं होतं, नव्हता. म्हणून शिपाई आणि मी एकेक केबल हातानं ओढून बघितली, तो काउंटरवरून ओरडायचा, हलली, हलली, आणि मी कागदावर लिहायचो 13 ला काउंटर सात, 14 ला काउंटर आठ. दीड-दोन तास गेले त्यात. लोक बाहेर उन्हात. शेवटी पोर्ट बसवले, मुख्य पोर्टवर 40 अ‍ॅडसकट जोडला, पासवर्ड नवा घातला, डब्ल्यू आर मारलं, बिल्डिंग कॉन्फिगरेशन येऊन खाली ओके आलं. मग मुद्दाम सगळ्यांसमोर पिन काढून परत लावली. मॅनेजर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आता कुठं चालू झालंय आणि हा बाबा परत बंद करतोय. पण हीच एक परीक्षा आहे, स्विच स्वतःच्या पायावर उठतो का ते बघायचं असेल तर त्याला एकदा झोपवावं लागतं, आणि ते आपल्या सोयीनं झोपवलेलं बरं.

बॅकअपचं सुद्धा लोकांना वाटतं फाइल आहे ना मग झालं. तसं नाही. जुनी फाइल चालू वहीवर कॉपी केली तर ती जुनं पुसून बसत नाही, चालूमध्ये मिसळते, जे आधी होतं आणि फाइलमध्ये नाही ते तसंच राहतं, अशी खिचडी होते की कुठला नियम कुठून आला कळत नाही. पक्क्या वहीवर कॉपी करून रीलोड करायचं, किंवा कॉन्फिगर रिप्लेस नावाची आज्ञा ज्या मॉडेलात आहे तिथं ती वापरायची. हे मी मोठ्या कंपनीतल्या इंजिनियर लोकांना पण चुकताना बघितलंय.

आणि ही पक्की वही फक्त विसरभोळेपणानंच जाते असं नाही, कुणी बाहेरून पण फाडू शकतो. एप्रिल 2018 मध्ये इराण आणि रशियात हेच झालं. सिस्कोचं स्मार्ट इन्स्टॉल म्हणून एक फीचर होतं, नवीन स्विच लावला की त्याला सेटिंग आणि सॉफ्टवेअर आपोआप घरपोच मिळावं म्हणून, चांगल्या हेतूनं. पण ते कोण देतोय याची ओळखच विचारत नव्हतं, आणि पुष्कळ स्विचवर 4786 हा पोर्ट (हा केबलचं भोक नाही, नेटवर्कवरच्या दरवाजाचा नंबर) इंटरनेटकडं तोंड करून उघडा होता. हल्लेखोरांनी स्टार्टअप कॉन्फिगच पुसून तिथं अक्षरांनी काढलेला अमेरिकेचा झेंडा आणि आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका असा मजकूर टाकला. इराणच्या मंत्रालयानं जगभरात दोन लाख आणि त्यांच्या देशात 3,500 स्विचना फटका बसल्याचं सांगितलं होतं. नो व्हीस्टॅक एवढे दोन शब्द टाइप केले की ते फीचर बंद होतं. ज्यांच्याकडं पक्क्या वहीची नक्कल होती ते लवकर उठले असणार, ज्यांच्याकडं नव्हती त्यांनी आमच्या शिपायासारख्या केबली ओढल्या असणार, दुसरं काय करणार.

आता माझी खरी तक्रार, आणि ती आमच्याच धंद्याबद्दल आहे. एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे, पैसे संस्था भरते, स्विच संस्थेनं विकत घेतलेला, पण पासवर्ड ठेकेदाराच्या डोक्यात आणि कॉन्फिग त्याच्या लॅपटॉपमध्ये. ठेकेदार बदलला की तो रुसतो, फोन उचलत नाही, मग नवीन माणूस येऊन मोड बटण दाबत बसतो. घर बांधून देणाऱ्या गवंड्यानं किल्ली स्वतःकडं ठेवली तर आपण ठेवू देऊ का? ती फाइल किती मोठी असते म्हणता, त्या पतसंस्थेची चार केबी भरली, प्रिंट काढली तर चार-पाच कागद. ठेका देताना एक अट टाका, दर वेळी काम झालं की सेव्ह केल्याचा पुरावा आणि कॉन्फिगची प्रत संस्थेला, नाहीतर बिल नाही. फक्त ती प्रत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, कारण त्यात पासवर्ड असतात, आणि सिस्कोमध्ये ज्याच्या आधी 7 हा आकडा असतो तो पासवर्ड फक्त चेहऱ्यावर रुमाल बांधून बसलेला असतो, कुणीही काही सेकंदांत उलगडतो. आणि जुना स्विच भंगारात देताना पुसून द्या. मी एकदा सेकंडहँड घेतला होता, आधीच्या मालकानं राइट इरेज मारलं होतं म्हणे, पण व्हीलॅन डॉट डॅट त्यानं पुसलं जात नाही, ते वेगळं डिलीट करावं लागतं, त्यामुळं त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या विभागांची नावं मला घरबसल्या वाचायला मिळाली.

रॅकला कुलूप लावा हे पण सांगायचं राहिलं. मी त्या दिवशी पासवर्ड नसताना आत गेलो, ते कुणीही जाऊ शकतो, दहा मिनिटं आणि लॅपटॉप स्विचला जोडायची एक निळी कन्सोल केबल पुरते.

तुमच्या वार्ताहरांना पण एक विनंती, सर्व्हर डाऊनमुळे कामकाज ठप्प अशी बातमी देताना एवढं तरी विचारा की दुसरी शाखा चालू होती का. ती चालू असेल तर सर्व्हरचा काही दोष नाही, मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

त्या पतसंस्थेनं कॉन्फिगची प्रिंट पाकिटात घालून सील करून तिजोरीत ठेवलीय, सोनं तारणाच्या पाकिटांशेजारी. परवा मॅनेजर साहेबांचा फोन आला, म्हणाले काल दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा सगळं आपोआप आलं हो परत, काउंटर पण आणि प्रिंटर पण. मी म्हटलं छान, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या का? तर म्हणाले, ते पुढच्या मीटिंगला ठेवलंय.

आपला,
एक नेटवर्कवाला
(जि. सांगली)